गोळी खांद्यालाच लागायची

भानुदास कंट्रोलरांच्या कादंबरीत रझाकारांची गोळी कायम खांद्यालाच लागते. नेम छातीवर धरलेला असू द्या, बंदूक कानाला टेकवलेली असू द्या. ऐन वेळी बैल मान झटकतो, नाहीतर वाऱ्यानं त्यांच्या सालाराचा, म्हणजे म्होरक्याचा, फेटा त्याच्याच डोळ्यांवर येतो आणि गोळी खांद्याला चाटून जाते. मग एखादी म्हातारी जखमेत हळद दाबते, कुणीतरी गरम भाकरी पुढं सरकवतं, आणि पुढच्या प्रकरणात तोच माणूस त्याच खांद्यावर ज्वारीचं पोतं घेऊन सरहद्दीकडं चालू लागतो. निजामाच्या मुलखात तेव्हा माणसांना खांद्याशिवाय दुसरा अवयवच नव्हता की काय, असं वाटावं.

मी त्यांना हे तोंडावर सांगितलं. मला जे पटत नाही ते मी तोंडावरच सांगते.

"काका, हे खोटं आहे."

"कशावरून?"

"निजामाशी लढा झाला. गावं जळाली, माणसं मेली. तुमच्या पुस्तकात साधी कोंबडीसुद्धा मरत नाही."

"कोंबडी मरती की. चौथ्या प्रकरणात. रस्सा करतेत तिचा."

भानुदास काका चाकूरच्या बसस्थानकावर कंट्रोलर होते. कुठली गाडी लागली, कुठली सुटली, कुठली बंद पडली हे भोंग्यावरून सांगणं हे त्यांचं काम. वय पन्नाशीला टेकलेलं, लग्न केलेलं नाही, खाकी सदऱ्याच्या खिशाला शाईचा कायमचा डाग. गाडीला कितीही उशीर झाला तरी त्यांचं उत्तर ठरलेलं: "येलालीय. रस्त्यात हाय." ड्रायव्हर अहमदपुरात चाक काढून चहा पीत बसलेला असला तरी काकांच्या लेखी गाडी रस्त्यातच असायची.

मी त्या स्थानकावर रोज असायचे, कारण सावली तिथंच होती आणि माणसंही तिथंच होती. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. पाट्या नव्या रंगवल्या, जीपगाड्या नव्या आल्या, साहेब नवे आले. पाणी तेवढं जुन्या जिल्ह्यात राहून गेलं असावं. पाऊस झालाच नव्हता. टँकर गावात शिरायचा आणि आमच्या बौद्धवाड्याच्या वळणावर पोचेपर्यंत रिकामा व्हायचा. त्यावर मी दुष्काळ समितीची पत्रकं लिहायचे, वाटायचे, भिंतींवर चिकटवायचे. काका मला 'पत्रकबाई' म्हणायचे आणि प्रत्येक पत्रक नीट वाचायचे.

"पत्रकबाई, धिक्कार लई झाले. पयल्या ओळीत धिक्कार, मधी धिक्कार, खाली पुन्हा धिक्कार. वाचणाऱ्याचं कान बधिर होतंय. एकच ठेवा, शेवटी."

"आणि तुमचे खांदे?"

"ते ऱ्हाऊ द्या."

त्यांची कादंबरी मिसरूड फुटायच्या वयातल्या पोरांसाठी होती. नायकाचं नाव दगडू, वय चौदा. सरहद्दीपलीकडच्या छावणीतून निजामाच्या मुलखातल्या गावांत निरोप पोचवणारा. कधी कडब्याच्या गाडीत दडायचा, कधी बाबूमियाँ अत्ताराच्या पेटाऱ्याखाली अंग चोरून बसायचा. शाळा सुटून गावाकडच्या गाडीची वाट बघणारी पोरं स्थानकात जमली, की काका भोंग्यावरून नवं प्रकरण वाचायचे. मधूनच गाडी आली की त्याच आवाजात म्हणायचे, "दगडूनं श्वास रोखला. उदगीर गाडी फलाट दोनवर लागत आहे. सालाराचे बूट पेटाऱ्यापाशी येऊन थांबले."

एकदा नांदेड गाडी सुटायची वेळ झाली आणि भोंग्यावर दगडू विहिरीत लोंबकळत होता. ड्रायव्हर इंजिन बंद करून म्हणाला, "पोरगं वर येऊ द्या, मग निघतो." गाडीत एक वकील होते, ते खिडकीतून ओरडायला लागले. काकांनी भोंग्यावरून उत्तर दिलं, "वकीलसाहेब, जरा दम धरा. दोर घावलाय."

पोरं मात्र वैतागली होती. "काका, एक तरी मारा की!"

"कुणाला?"

"सालाराला तरी!"

"त्याला बी माय हाय."

"मग आडात ढकला त्याला."

दुसऱ्या दिवशी काकांनी सालाराला आडात ढकललं. टाळ्या पडल्या. पुढच्या ओळीत सालार पोहून वर आला. "आडात पाणी होतं," काकांनी सांगितलं. पोरं खिंकाळली. पुस्तकातल्या सगळ्या सुटका त्यांनी मान्य केल्या होत्या, पण आडात पाणी ही गोष्ट त्यांच्या गळी उतरेना.

एका पोरानं एकदा मुसलमानांबद्दल वाकडं काही बोलून दाखवलं. काकांनी भोंगा बंद केला.

"पेटाऱ्याखाली दगडूला कुणी लपवलं?"

"बाबूमियाँनं."

"पकडलं असतं तर पयलं कुणाला धरलं असतं?"

"बाबूमियाँला."

"मग बस खाली."

भोंगा पुन्हा सुरू झाला. तेवढ्यासाठी मी त्यांचे खांदे पुष्कळ दिवस सहन केले. जेवणं मात्र सहन होत नव्हती. दगडू प्रत्येक प्रकरणात जेवायचा. रझाकार मागावर असले तरी त्याच्या हातात भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी, कांदा फोडलेला. मी म्हणायचे, "काका, हा लढा आहे का पंगत?" ते म्हणायचे, "पोरगं दिसभर चालतंय हो. उपाशी ठिवू व्हय?"

पुस्तक छापायची त्यांना फार इच्छा. एकटं जायला धीर होईना म्हणून मला घेऊन ते नांदेडला एका प्रकाशकाकडं गेले. प्रकाशक वजिराबादेत बसायचे, दुकानात शाळेच्या वह्या आणि आरत्यांची पुस्तकं. त्यांनी बाड चाळलं आणि चष्मा काढला.

"लिहिलंय झक्कास. पण ह्यात हुतात्मा कोण?"

काका माझ्याकडं बघायला लागले.

"नवा जिल्हा झालाय, शाळा नवी पुस्तकं घेणार. घेताना पहिला प्रश्न हाच. एक तरी पाहिजे ना, भानुदासराव."

"एकबी न्हाई."

"मग लढलं कोण?"

मी आयुष्यात पहिल्यांदा एका दुकानदाराच्या बाजूनं बोलले. "बरोबर विचारताय तुम्ही," मी म्हटलं. प्रकाशकांनी निकाल दिला: शेवटी पोरगा हुतात्मा होऊ द्या, पुस्तक मी काढतो.

पुढचे कित्येक दिवस ते शेवट लिहीत होते. रोज दुपारी मला कागद दाखवायचे आणि रोज गोळी खांद्याला लागलेली असायची. एकदा फार जोर करून त्यांनी ती मानेपर्यंत आणली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली ओढली. शेवटी एका दुपारी त्यांनी भोंगा बंद करून खोलीचं दार लोटलं.

"पत्रकबाई, तुम्ही मारा."

"काय?"

"दगडूला. तुमच्या हातात जोर हाय. माझ्यानं व्हईना."

मला नाही म्हणायचं कारणच नव्हतं. खरं ते लिहायला मी घाबरत नव्हते. पण काका अटी घालायला लागले.

"सुरा नको."

"बरं. गोळी."

"एकाच गोळीत. तडफड नको."

"बरं."

"आन् जेवून निघालेला असू द्या. उपाशी मारू नका."

"काका, मी मारू का नको?"

"मारा, मारा," ते म्हणाले आणि खिडकीतून बाहेर बघत, स्थानकात एकही गाडी नसताना, "येलालीय, रस्त्यात हाय," असं कुणालाच उद्देशून नसलेलं काहीतरी पुटपुटले.

मी एका बैठकीत दगडूला मारलं. गोळी छातीत. मरताना तो स्वातंत्र्याबद्दल बोलला, कसणाऱ्याच्या जमिनीबद्दल बोलला, पाण्यावर सगळ्यांचा हक्क आहे हेही बोलला. धिक्कार एकच ठेवला, शेवटी. माझं मलाच भरून आलं. काकांनी पानं न वाचता परत माझ्या हातात दिली.

"नांदेडला धाडायच्या आधी एके ठिकाणी वाचून दाखवायची असतेत. मुरुडच्या अलीकडं. प्रत्येक प्रकरण आधी तिथं वाचतो मी. आखितीला जाऊ. पर ह्ये तुम्ही वाचायचं."

"का?"

"माझा आवाज बसलाय."

सकाळीच तो आवाज चाकूरच्या वेशीपर्यंत गेला होता.

आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी आम्ही लातूरमार्गे निघालो आणि मुरुडच्या अलीकडच्या फाट्यावर उतरून उन्हातून चालत एका घराशी आलो. दोन खणांचं घर, दारात लिंब, ओसरीवर बाज. आत कोंडाबाई नावाच्या सत्तरीच्या बाई, डोळ्यांनी अधू पण कान तिखट. काका त्यांना मावशी म्हणत होते. मी टेकायच्या आधीच सांगून टाकलं, "आजी, आम्ही बौद्ध आहोत." मी हे सगळीकडं आधीच सांगते, मागून कुणाचं तोंड वाकडं झालेलं मला चालत नाही.

"मंग?" कोंडाबाई म्हणाल्या. "तुमाला तहान न्हाई लागत?" आणि तांब्या माझ्या हातात दिला.

भिंतीशी मातीची नवी केळी, लहान मडकी, मांडलेली होती, पाण्यानं भरलेली. आखितीला घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं अशी मांडतात. मी हे पाळत नाही, पण मला ठाऊक आहे. ज्याच्या नावाची केळी भरली, तो गेला हे त्या घरानं कबूल केलं. कोंडाबाईंच्या सासूसासऱ्यांची होती, नवऱ्याची होती.

"भानू," त्या म्हणाल्या, "आन, काय केलं माझ्या दगडूनं ते सांग. जेवला का?"

माझ्या हातातली पानं मी पिशवीत ढकलली आणि काकांना सरळ बाहेर लिंबाखाली नेलं.

"हा दगडू खरा आहे?"

"खरा."

"आणि ह्या त्याची आई?"

"व्हय." काका लिंबाची साल नखानं कोरत होते. "आम्ही एका वयाचे, एका आळीतले. दोघंबी पळून बार्शीकडच्या छावणीत गेलो. त्या दिशी निरोप न्यायची पाळी माझी होती. मला फणफणून ताप. दगडू म्हणला, झोप तू, म्या जाऊन येतो."

"मग?"

"मग काय न्हाई. गेला त्यो गेला. पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजाम पडला, सगळे घरी आले. मीबी आलो. मावशी दारात उभी. म्हणली, दगडू? तोंडातून शब्द फुटंना. म्हणलं, येलालाय. रस्त्यात हाय."

सालीचा तुकडा त्यांच्या हातात निघून आला.

"मग मावशी इचारायची, कुठवर आला? काय खाल्लं? म्या सांगायचो. सांगता सांगता लिहायला लागलो. दर आखितीला एकदाच इचारती, यंदा मांडू का रे पोराची केळी? म्या म्हणतो, यंदा नको. आता ती थकली. आज इचारलं तर व्हय म्हणायचंय. म्हणून तुमची पानं पायजे होती. पुस्तकाचं ऱ्हाऊ द्या हो, त्ये आज न्हाई उद्या निघंल."

"काका, हे मी वाचणार नाही."

"वाचा, पत्रकबाई. पाया पडतो. माझ्या तोंडून ह्या घरात ते निघायचं न्हाई."

मी वाचलं. दगडू जेवून निघाला. ओढा ओलांडला. गोळी सुटली, छातीत लागली. काका दाराकडं तोंड करून बसले होते. मी दगडूचं भाषण सुरू केलं. स्वातंत्र्य झालं, जमीन झाली, पाण्याच्या हक्कावर आले.

"थांब पोरी," कोंडाबाई म्हणाल्या. "गोळी कुठं लागली म्हणलीस?"

"छातीत."

"आन् छातीत गोळी घिऊन येवढं बोललं?"

भाषण अजून दीड पान बाकी होतं.

"माझं पोरगं मुलखाचं अबोल. भाकरी पायजे असली तर नुसतं टोपल्याकडं बघायचं. आन् कसणाऱ्याची जमीन म्हणं! खुरपं धर म्हणलं की वढ्याला पळायचं त्ये." त्यांच्या बोळक्यात हसू होतं. मग ते गेलं. "येवढं न्हाई बोललं पोरी त्ये. माय म्हणलं असंल. बास."

"हो आजी," मी म्हटलं.

त्यांनी मान काकांकडं वळवली. "भानू. मेला का रे त्यो?"

काकांची पाठ हलली.

"व्हय, मावशी."

"लई येळ लावलास बाबा सांगायला."

काका वळले.

"मायला कळत न्हाई व्हय? पयल्याच दिवाळीला कळलं. दिवा लावताना कळलं. पर तू येऊन दारात उभा ऱ्हायाचास, रिकाम्या हातानं, खाली मान घालून. म्हणलं, ह्या लेकराला बोलायला कायतरी असू दे. न्हाईतर हेबी जायचं हातचं. म्हणून इचारत गेले, जेवला का, कुठवर आला. तू सांगत गेलास. मलाबी गोड लागायचं, खोटं कशाला बोलू. पर केळीचं दरसाल इचारून बघायचे. म्हणायचे, औंदा झाला आसंल मोठा भानू."

"मावशी, पाळी माझी होती," काका म्हणाले.

"ठावं हाय. घरी आल्यावर पुन्हा ताप आला, तवा बडबडला होतास. तुझ्या मायनं सांगितलं मला." त्या उठून कोपऱ्यात गेल्या, चाचपडत उतरंडीमागून एक कोरी केळी काढली. दरसाल एक जास्तीची घेऊन ठेवायच्या म्हणे. "त्यो गेला म्हणून तू वाचलास. दोन्ही गेले असते तर आमी दोघींनी कुणाकडं बघायचं होतं? चल, भर ही. तुझ्याच हातानं भर."

घरात पाणी एक कळशी होतं. टँकर परवा येऊन गेला होता आणि पुन्हा कधी येणार ते नव्या जिल्ह्यालाही ठाऊक नव्हतं. काकांनी कळशी उचलली. धार केळीच्या काठावर आदळली, निम्मी बाहेर गेली, सारवलेल्या जमिनीवर पसरली. मी पुढं झाले, तर कोंडाबाईंनी मला हातानं अडवलं.

"सांडू दे," त्या म्हणाल्या. "भरंल."

भरली. नवऱ्याच्या केळीशेजारी त्यांनी ती सरकवून ठेवली, थोडी पुढं, लहान पोराला पंगतीत पुढं घेतात तशी. शेवयांचा निवद दाखवला आणि आम्हाला जेवायला वाढलं. काका जेवताना रडत होते आणि मागून मागून घेत होते. पाचव्यांदा शेवया मागितल्यावर कोंडाबाई म्हणाल्या, "आरं, त्या पोरीला काय ठिवशील का न्हाई?" तेव्हा ते हसले. मोठ्यानं, भोंग्यावर असल्यासारखे. त्यांना तसं हसताना मी चाकुरात कधी ऐकलं नव्हतं.

पुस्तक पुढं निघालं. चाकूरच्या पोरांनी ते हातोहात फिरवून फाडलं. माझी पानं त्यात नाहीत. शेवट काकांनी स्वतः लिहिला, अगदी थोडक्यात. प्रकाशकांना तो फार आखूड वाटला. मी त्यांच्याशी भांडले आणि तसाच छापायला लावला. भांडायला मी कधीही तयार असते, आणि त्या वेळी तर मला फार बरं वाटत होतं.

पण मला आठवते ती आखितीची दुपार. जेवण झाल्यावर काका ओसरीवरच्या बाजेवर जरा आडवे झाले आणि झोपले. तोंड उघडं, एक हात खाली लोंबलेला, खाकी सदऱ्याची दोन बटणं सुटलेली. मला संध्याकाळी चाकुरात सभा होती, पत्रकं वाटायची होती. ऊन कललं तशी मी उठले.

"काका, गाडीची वेळ झाली."

"झोपू दे त्याला," कोंडाबाई म्हणाल्या.

"गाडी जाईल, आजी."

"जाऊ दे. किती वर्सांनी झोपलाय, बघ की."

मी पिशवी खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसले. फाट्यावर हॉर्न वाजला. थोडा वेळ थांबून पुन्हा वाजला, आणि गाडी गेली. काकांनी फक्त कूस बदलली. कोंडाबाई बाजेशेजारी बसून पदरानं त्यांच्या तोंडावरच्या माश्या वारत होत्या.